गोव्यात बरोबर दाखवणारा सेन्सर स्पितीत का चुकतो

गोव्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरच्या पहाटेसुद्धा पारा २० अंशांच्या फार खाली सहसा जात नाही. त्यामुळे म्हापशात किंवा फोंड्यात व्हॅनचं मोटरहोम करून घेताना पाण्याच्या टाकीचा हीटर आणि त्याचा सेन्सर हे काम शेवटी, घाईत उरकलं जातं. तीच गाडी पावसाळाभर दारात उभी राहते आणि ऑक्टोबरात स्पितीला निघते. हिमाचलातल्या स्पितीचं मुख्य गाव काझा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. त्या दिवसांत तिथे रात्री पारा शून्याखाली उतरतो, आणि टाकी असते गाडीच्या पोटाखाली, उघड्या वाऱ्यावर.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. टाकी काठोकाठ भरलेली नसेल तर ती बहुधा तगते. फुटतात ते पंपाचं डोकं, नळाचं कार्ट्रिज, नळ्यांचे जोड, कारण तिथे फुगायला जागाच नसते. गोठायला सुरुवातही तिथूनच होते. ८० लिटर पाणी ५ अंशांवरून शून्यावर यायला सुमारे १,६७० किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. आतून १२ मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर नळीत मात्र जेमतेम ११३ मिलिलिटर पाणी मावतं, तिथे २.४ किलोज्यूल गेले की संपलं. म्हणून टाकीवरच्या एका सेन्सरवर नळ्यांचा भरवसा ठेवू नये. दुसरा सेन्सर सर्वांत उघड्या नळीवर हवाच.

या कामासाठी बहुतेक ठिकाणी १० किलो-ओहमचा एनटीसी थर्मिस्टर वापरतात. तापमान उतरलं की त्याचा रोध वाढतो. २५ अंशांना १० किलो-ओहम, ३० अंशांना सुमारे ८, आणि शून्याला सुमारे ३३ (३९५० बीटा मूल्याच्या सेन्सरसाठी; तापमानासोबत रोध किती झपाट्याने बदलतो, ते बीटा सांगतं). हीटर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट हा रोध मोजतो आणि त्यावरून अंश ठरवतो. वायरच्या वाटेत रोध बदलला तरी त्याला ते तापमानच वाटतं.

गोव्याची खारी, दमट हवा इथे दोन तऱ्हांनी घात करते. पहिली तऱ्हा म्हणजे कनेक्टरच्या पिनवर चढणारा हिरवा गंज. समजा त्याने १ किलो-ओहम रोध वाढवला. ३० अंशांना ८ चे ९ होतात आणि आकडा पावणेतीन अंशांनी कमी दिसतो. चूक लगेच डोळ्यात भरते. पण शून्याला ३३ चे ३४ झाले तरी फरक अर्ध्या-पाऊण अंशाचाच, आणि तोही थंडीकडे झुकणारा. हीटर थोडा लवकर लागेल, एवढंच.

दुसरी तऱ्हा खरी घातक आहे. सेन्सरच्या टोपीत किंवा जोडाच्या नळीत मीठ आणि ओल साचली की दोन वायरींमध्ये विजेच्या गळतीची वाट तयार होते आणि एकूण रोध घटतो. ती १०० किलो-ओहमची धरा. ३० अंशांना ८ च्या जागी ७.४ दिसतात, म्हणजे आकडा दोन अंशांहूनही कमी चुकतो. पत्र्याखाली तापलेल्या गाडीत त्याकडे कोण बघणार? शून्याला मात्र ३३ च्या जागी सुमारे २५ दिसतात, आणि पडद्यावर येतात साडेपाच-सहा अंश. पाणी गोठणबिंदूला टेकलेलं असतं आणि हीटर बंद.

यावर बरेच जण थर्मोस्टॅटमधली दुरुस्तीची सोय वापरतात. खोलीतल्या तापमापीशी जुळेपर्यंत अंश-दोन अंश वजा करायचे. त्याने काही साधत नाही, कारण चूक सगळ्या तापमानांना सारखी नाही. तपासणी शून्यालाच करायला हवी.

सेन्सर टाकीवरून सोडवा, वायर मात्र गाडीत जोडलेलीच ठेवा, म्हणजे कनेक्टरचीही परीक्षा होते. थर्मासमध्ये घरच्या फ्रिजमधला बर्फ कुटून भरा आणि फटी भरण्यापुरतंच पाणी घाला. मासळीबाजारातला बर्फ नको. त्यात मिठाचा अंश असला तर तापमान शून्याखाली जातं. सेन्सर भांड्याच्या भिंतीला न टेकवता मधोमध धरा, ढवळत राहा, पाच मिनिटांनी आकडा वाचा. एक अंशाच्या आत असेल तर चालेल. ४-५ अंश दाखवत असेल तर आकडा दुरुस्त करत बसू नका, सेन्सर आणि जोड दोन्ही बदला. नवा जोड डाखून करा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जोडावर लावू नका, त्यातलं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं.

डीएस१८बी२० या डिजिटल सेन्सरमध्ये अशी चोरटी चूक सहसा होत नाही, कारण तो आकडाच पाठवतो. ओल शिरली की बहुधा वाचनच तुटतं. त्याची खोड वेगळी आहे. वीज खंडित होऊन परत आली की पहिलं मोजमाप होईपर्यंत त्यात ८५ अंश हाच आकडा असतो. कंट्रोलरने तो बिघाड मानला नाही, तर हीटर बंद राहतो.

टाकीवर सेन्सर खालच्या बाजूला, पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाजवळ, हीटरच्या पॅडपासून किमान १५ सेंटिमीटर लांब चिकटवा. वरून ॲल्युमिनियम टेप आणि त्यावर फोम. फोम नसेल तर सेन्सर टाकीचं नव्हे, वाऱ्याचं तापमान सांगतो.

हीटर ३ अंशांना लागावा, ६ ला सुटावा. १ अंशावर लावण्यात शहाणपण नाही, सेन्सरची चूकच तेवढी असू शकते. ४० वॅटचं पॅड १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर ओढतं. ५ अँपिअरचा फ्यूज लावा, आणि रात्रभराचे दहा तास सलग चाललं तर बॅटरीतून ३३ अँपिअर-तास जातील हे धरून चला. टाकी रिकामी असताना पॅड तापू नये म्हणून फ्लोट स्विच (पाण्याची पातळी उतरली की वीज तोडणारा) हवा, शिवाय पॅडवर ६० अंशांचा थर्मल कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा).

निघण्यापूर्वी सेन्सरची वायर मुद्दाम काढून बघा. तुटलेला एनटीसी थर्मोस्टॅटला कमालीची थंडी वाटतो. काही थर्मोस्टॅट बोर्ड अशा वेळी रिले सोडतात, म्हणजे हीटर बंद करतात, काही हीटर चालूच ठेवतात. आपला कोणता, हे दारातच कळलेलं बरं.

पारा उणे दहाच्या खाली जाणार असेल आणि गाडी आतून गरम ठेवता येणार नसेल, तर सेन्सरच्या भरवशावर झोपू नका, पाणी सोडून द्या. आधी गिझर बंद करून थोडा निवू द्या. मग टाकी आणि गिझर दोन्हींचे निचरा व्हॉल्व्ह उघडा. एका दांडीचे नळ मध्यावर उघडे ठेवा, नाहीतर गरम किंवा थंड यांपैकी एका नळीत पाणी अडकतं. शॉवरची नळी खाली सोडा. शेवटी पंप काही सेकंद कोरडा फिरवा. त्याच्या डायफ्रॅममध्ये राहिलेलं घोटभर पाणीही डोकं फोडायला पुरतं.