रिटर्न पंप घेताना आधी नळी बघा

घरी प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा रिटर्न पंप, म्हणजे खाली उतरलेलं पाणी पुन्हा टाकीत चढवणारा पंप, बंद पडला की माणूस दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतो, "ताशी किती लिटरचा आहे?" दुकानदार खोकं फिरवून दाखवतो, ३००० लिटर. जुना २५०० चा होता, म्हणजे हा बराच बरा, असं म्हणून खोकं घरी येतं. बसवल्यावर टाकीत येणारी धार मात्र जुन्याइतकीच, कधी त्याहूनही बारीक.

खोक्यावरचा आकडा खोटा नसतो, पण तो शून्य उंचीवर मोजलेला असतो: पंप पाण्यात ठेवला, नळी लावलीच नाही, तर तासाला एवढं पाणी. शेजारी बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, कमाल हेड, म्हणजे पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच रेटू शकतो ते, समजा ३ मीटर. तोही खरा, पण त्या उंचीवर पंप एक थेंबही बाहेर देत नाही. आपलं काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतं. गोव्यात विहिरीवर मोटर बसवणारा कुठलाही माणूस आधी विहीर किती खोल, टाकी किती उंच हे विचारतो. मत्स्यपेटीच्या दुकानात तो प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

चार फुटी टाकी धरू. लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ४५, खालच्या कपाटात सम्प, म्हणजे पाणी साफ करायची दुसरी लहान टाकी, सगळं मिळून ३०० लिटर पाणी. वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोतून आपोआप खाली उतरतं, सम्पमध्ये स्किमर त्यातला मैला काढतो आणि रिटर्न पंप स्वच्छ पाणी पुन्हा वर चढवतो. किती उंच चढवायचं, ते पंपापासून मोजायचं नाही. सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या पाण्याच्या पातळीपर्यंत मोजायचं. आपल्या टाकीत ते अंतर सुमारे १.२ मीटर. सम्पमधून तासाला एकूण पाण्याच्या पाचपट, म्हणजे १५०० लिटर फिरलं तरी पुष्कळ झालं. प्रवाळांना लागणारा जोरदार प्रवाह टाकीतल्या वेव्हमेकरनं, म्हणजे आतलं पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपानं द्यायचा, ते ओझं रिटर्नवर टाकायचं कारण नाही.

खरी लूट नळीत होते. १५०० लिटरचा हा प्रवाह १६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या दोन मीटर नळीतून आणि चार एल्बोंमधून, म्हणजे काटकोनी जोडांमधून न्यायचा म्हटलं, तर घर्षणातच दीड मीटरहून जास्त हेड जातं. म्हणजे पंपाच्या लेखी टाकी १.२ मीटर उंच राहत नाही, जवळपास २.८ मीटरवर जाऊन बसते. तेच पाणी २५ मिलिमीटरच्या नळीतून न्या, घर्षण पाव मीटरवर येतं. प्रवाह तोच असेल तर सरळ नळीतलं घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात कमी होतं, म्हणून व्यासातला नऊ मिलिमीटरचा फरक एवढा मोठा दिसतो. पंपाचं तोंड बारीक असलं तरी नळी बारीक ठेवायची गरज नाही. तोंडाशीच रिड्यूसर, म्हणजे लहान-मोठ्या व्यासाचा जोड लावून लगेच मोठ्या नळीवर जायचं आणि काटकोनी एल्बोंऐवजी जमेल तिथे नळीलाच मोठा बाक द्यायचा. माझ्या मते नवा पंप घेण्याआधी दोन-तीनशे रुपये नळीवर घालावेत. पुष्कळदा मग लहान पंपही पुरतो.

लहान पंप पुरणं ही आपल्याकडे नुसती काटकसर नाही. १५०० लिटर पाणी तासाभरात १.२ मीटर चढवायला शुद्ध भौतिकशास्त्राच्या हिशेबानं जेमतेम ५ वॅट लागतात. चांगला पंप त्यासाठी ३० वॅट घेतो, अवाढव्य घेतला तर ८० वॅट. उरलेले वॅट उष्णता होतात, आणि पंप पाण्यातच बुडलेला असल्यामुळे ती उष्णता पाण्यातच जाते. कामी आलेले ५ वॅटसुद्धा पाणी वरून खाली पडलं की शेवटी उष्णताच होतात. ८० वॅट म्हणजे ३०० लिटर पाण्याला तासाला जवळपास पाव अंश सेल्सिअस, ती उष्णता बाहेर पडायला वाट नसेल तर.

थंड देशात हे वरदान ठरतं, तिथे टाकीत हीटर लावावा लागतो. म्हापशात किंवा मडगावात मे महिन्यात खोलीच ३२ अंशांवर असते आणि टाकी २६ च्या आसपास ठेवायची असते. पाणी ३० च्या वर जाऊन काही दिवस तिथेच राहिलं, तर बरेच प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. टाकीवर पंखा लावून बाष्पीभवनानं गारवा मिळवायचा, तर ८० वॅटची दिवसभराची उष्णता न्यायला जवळपास तीन लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. जुलैतल्या ओल्या हवेत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे ही वाफ कुठली व्हायला! मग पाणी गार करणारा चिलर जास्त वेळ चालतो आणि त्याचं बिल वेगळं येतं. ८० ऐवजी ३० वॅटचा पंप वर्षभर चालवला की नुसत्या पंपाचीच सुमारे ४३८ युनिटं वाचतात.

आता एसी की डीसी. लहान एसी पंपाच्या आत बहुधा चुंबकाचा एक दांडा असतो आणि तो विजेच्या वारंवारतेशी ताल धरून फिरतो. ५० हर्ट्झवर मिनिटाला ३००० फेरे. ही साधी मोटर सुरू होताना डावीकडे फिरेल की उजवीकडे, याचा नेम नसतो. त्यामुळे इंपेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राची पाती सरळ ठेवावी लागतात, दोन्ही दिशांना चालतील अशी, आणि त्यात कार्यक्षमता जाते. डीसी पंपात इलेक्ट्रॉनिक सर्किट दिशा ठरवतं, म्हणून पाती वाकवता येतात. तेवढ्याच विजेत जास्त पाणी मिळतं, आवाजही कमी होतो. वर वेग बदलायची सोय.

या सोयीतच एक खोच आहे. पंपाचा वेग कमी केला की प्रवाह त्याच प्रमाणात उतरतो, पण हेड वेगाच्या वर्गानं उतरतं. ३ मीटर हेडचा पंप ६० टक्के वेगावर ठेवला तर त्याचं कमाल हेड ३ × ०.३६, म्हणजे १.०८ मीटर. आपली उंची १.२ मीटर. पंप छान गुरगुरत राहतो, दिवा हिरवा, आणि वर एक थेंब येत नाही. "पंप खराब निघाला" म्हणून परत केलेल्यांपैकी काही तरी असेच असावेत. डीसी पंप घ्यायचा तर ७५-८० टक्क्यांवर आपलं काम भागेल असा घ्यावा. मग मैला साचल्यावर वेग थोडा वाढवायलाही जागा राहते.

गोव्यापुरती आणखी एक गोष्ट. घरोघरी कुणी ना कुणी आखातात असतं आणि येताना सामान आणतं. दुबईची वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, पण सौदीची ६० हर्ट्झची. खास ६० हर्ट्झसाठी बनवलेला एसी पंप इथे पाच-षष्ठांश वेगानं फिरतो, हेड ६९ टक्क्यांवर येतं आणि कॉइल जास्त तापते. खोक्यावर दोन्ही वारंवारतांचे आकडे दिले असतील तर आपला कुठला, ते बघून घ्यायचं. कूलरचा पंप स्वस्त मिळतो म्हणून तो टाकायचा मोह मात्र नको. खाऱ्या पाण्यात त्याचा साधा लोखंडी भाग गंजतो, आणि कुठे तांबं-पितळ असलं तर विरघळलेलं तांबं प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी यांना विषच. शाफ्ट सिरॅमिकचा हवा, नळीची क्लिप प्लॅस्टिकची. सम्पबाहेर बसवायचे मोठे पंप हवेला उष्णता देतात हा त्यांचा फायदा खरा, पण किनाऱ्यालगतच्या घरात खारी हवा त्यांचे स्क्रू आणि बेअरिंग खाते. घरगुती टाकीला मी ते सुचवणार नाही.

आणि पंप खरंच गेलाय का? आमच्याकडच्या मोटर दुरुस्त करणाऱ्यानं असाच एक पंप हातात घेऊन, झाकण काढून, बोटानं इंपेलर हलवायचा प्रयत्न करून सांगितलं होतं, "मोटर जळूंक ना बाब, जाम जाल्या." चुंबकाच्या दांड्यावर पांढरट, खरखरीत पापुद्रा होता, नखानं निघत नव्हता. प्रवाळांना सांगाडा बांधता यावा म्हणून टाकीतल्या पाण्यात लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम ठेवतात. कॅल्शियम कार्बोनेट तापमान वाढलं की कमी विरघळतं, त्यामुळे ते नेमकं टाकीतल्या गरम जागी, पंपाच्या पोटात, जाऊन बसतं. चालत्या पंपाला हे जाणवत नाही. पावसाळ्यात वीज जाते, परत येते आणि दांड्याला पहिला हिसका देता येत नाही, तेव्हा पंप "जळतो". पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे करून त्यात इंपेलर बुडवून ठेवा. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात, तासाभरात पापुद्रा मऊ पडतो. सोरपोतेलासाठी ठेवलेलं माडाचं व्हिनेगर यात वाया घालवू नका. दांडा फुगलेला असेल किंवा चुंबकावरच्या प्लॅस्टिकला तडा जाऊन तपकिरी गंज बाहेर येत असेल, तर इंपेलर बदला, तो अनेकदा सुटा मिळतो. तोही मिळत नसेल तरच नवा पंप.

वीज जाण्याचा संबंध बसवण्याशीही आहे. पंप थांबला की नळी उलट्या सायफनसारखी वागते आणि तोंडात हवा शिरेपर्यंत वरचं पाणी सम्पमध्ये ओढते. आपल्या टाकीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे ५.४ लिटर. नळीचं तोंड १० सेंटिमीटर खाली असेल तर ५४ लिटर पाणी कपाटात, नंतर फरशीवर. तोंड पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरच ठेवावं. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर माझा भरवसा नाही, त्यात एखादी गोगलगाय किंवा तोच पांढरा पापुद्रा अडकला की तो मिटत नाही. पंप बसवल्यावर आपल्याच हातानं वीज बंद करून सम्प किती भरतो ते बघावं. पंपाचं सर्किट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळली की लगेच बंद होणाऱ्या स्विचवर घ्यावं. इन्व्हर्टरची बॅटरी मर्यादित असेल, तर तिच्यावर रिटर्नऐवजी वेव्हमेकर चालवावा, तोंड पृष्ठभागाकडे करून. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा जवळपास एक-पंचमांश कमी मावतो आणि टाकी बंद पडल्यावर पहिली ओरड त्याचीच होते.

जाता जाता एक सांगायला हवं. वास्कोजवळच्या ग्रांद बेटाभोवती प्रवाळ आहेत म्हणून तिथून तुकडा उचलून टाकीत लावायची कल्पना कुणाला सुचत असेल, तर दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या यादीत आहेत.

नवा पंप बसला की रिटर्नचं तोंड टाकीच्या पातळीवर धरून दहा लिटरच्या बादलीत सोडा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. २४ सेकंदांत बादली भरली तर ताशी १५०० लिटर, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. तो आकडा तारखेसह कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. पुढे कधी तीच बादली भरायला ३२ सेकंद लागायला लागले, म्हणजे चौथाई प्रवाह गेला. दुकानाकडे वळण्याआधी व्हिनेगरची बाटली काढा.