बधिर पाय आणि थंड पाय, दोन्हीला आपण नसच म्हणतो

आमच्या घराकडून खाली बंदरावर जायला जांभ्याची पाखाडी आहे आणि माझे काका ती चढताना दरवेळी एकाच जागी थांबायचे, फणसाच्या जरा वर, गडग्याला टेकून उजवी पोटरी दाबत. दोन-तीन मिनिटं उभे राहिले की दुखायचं थांबायचं, परत निघायचे, साधारण तेवढंच अंतर गेलं की परत थांबायचे. घरात सगळे म्हणायचे नस आखडते. त्याच घरात माझी आत्या, तिलाही शुगर, पण तिचं दुखणं निराळं, रात्री पाठ टेकली की तळव्यांची आग आग, मुंग्या, पांघरूणसुद्धा पायावर सोसायचं नाही, आणि दिवसा मात्र चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी हिला पत्ता नाही. तिलाही सगळे म्हणायचे नसेचंच आहे. एकाच बाटलीतलं तेल दोघांच्या पायाला चोळलं जायचं.

आता आपल्या बोलण्यात 'नस' म्हणजे मज्जातंतूही आणि रक्तवाहिनीही, कधीकधी तर ताणलेल्या स्नायूलासुद्धा आपण नसच म्हणतो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. मज्जातंतू निरोप नेतो, टोचलं, भाजलं, गार लागलं हे मेंदूला कळवतो. रक्तवाहिनी रक्त नेते. डायबेटीसमध्ये दोन्ही बिघडतात, पण आत्याचं मुख्यतः पहिलं होतं आणि काकांचं दुसरं. डॉक्टर 'नसा खराब झाल्यात' म्हणाले तर तिथल्या तिथे विचारा, कुठल्या? निरोपाच्या की रक्ताच्या? विचारायला लाजू नका, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

दोन्हीच्या मुळाशी मात्र एक गोष्ट आहे जी फारसं कोणी सांगत नाही. रक्तातली जास्तीची साखर शरीरातल्या प्रथिनांना चिकटते. भाकरी तव्यावर तांबूस होते ना, त्याच जातीची ही क्रिया, मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडलेली, फक्त अंगात ती मंद चालते, वर्षानुवर्षं. तीन महिन्यांची शुगर सांगणारी एचबीएवनसी टेस्ट म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखरच मोजणं. पण लाल रक्तपेशी साधारण १२० दिवसांत संपते, नवी येते, म्हणून तो आकडा सुधारतो तरी. कोलॅजनचं तसं नाही. त्वचा, स्नायुबंध, सांध्यांची वेष्टनं, रक्तवाहिन्यांच्या भिंती हे सगळं ज्या धाग्यांनी विणलंय ते कोलॅजन वर्षानुवर्षं तेच राहतं, साखर चिकटत जाते, धागे एकमेकांना जखडले जातात आणि मग लवचीकपणा जातो. आत्या आरतीला हात जोडायची तेव्हा तिचे तळवे पूर्ण मिटायचे नाहीत, बोटांच्या मधे फट राहायची, आम्हाला वाटायचं वयाचं असेल. ती फट ही डॉक्टरांची ठरलेली खूण आहे, डायबेटीसमुळे हाताचे सांधे आखडल्याची. खांदा आखडणं, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, तेही शुगरवाल्यांना जास्त होतं. आणि टाचेमागची जाड शीर अशीच कडक झाली की चालताना सगळा भार चवड्यावर येतो, तिथे घट्टा पडतो, आणि पाय बधिर असेल तर त्या घट्ट्याखाली जखम होते आणि माणूस बिनधास्त चालत राहतो.

रक्तवाहिनीत दोन वेगळे बिघाड होतात आणि त्यांचीही गल्लत होते. एक, आतल्या अस्तराखाली चरबीचा थर साचून वाट अरुंद होणं, काकांची पोटरी त्यानेच दुखायची, चढावर स्नायूला जास्त रक्त हवं आणि ते पोहोचत नाही. दुसरा, भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम बसून नळी कडक होणं, यात वाट अरुंद नसेलही. पण यामुळे तपासणी फसते. पायाचं रक्त बघायला घोट्याचं बीपी घेऊन त्याला दंडाच्या बीपीने भागतात, ०.९ पेक्षा कमी आलं तर रक्त कमी पोहोचतंय. आता नळीच कडक असेल तर पट्टा कितीही फुगवला तरी ती दबत नाही, आकडा वर येतो, कधी १.४ च्याही वर, आणि पुढे बंद वाट असतानाही कागदावर सगळं ठीक दिसतं. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं बीपी घेतात कारण तिथल्या वाहिन्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत. शुगर बरीच वर्षं असेल आणि आकडा 'उत्तम' आला असेल तर हे आवर्जून विचारा, मला हे फार उशिरा कळलं.

घरी बसून काय बघता येईल? आत्याचा पाय हाताला गरम लागायचा, पावलाच्या वर ठोका चांगला टपटप लागायचा, पण कातडी कोरडी, टाचांना भेगा, कारण मज्जातंतू गेले की घामही बंद होतो. ती त्या भेगांना कोकमाचं मुठेल लावायची आणि कोरडेपणाला ते चांगलंच. काकांचा पाय थंड, नडगीवरचे केस गेलेले, कातडी पातळ नि चकचकीत, ठोका शोधावा लागायचा, पाय वर धरला की पांढरा पडायचा आणि खाली सोडला की काळपट लाल. बधिरपणा बहुतेक दोन्ही पायांना सारखाच, मोजा चढवावा तसा बोटांपासून वर सरकतो, रक्ताचं दुखणं पुष्कळदा एका पायाला जास्त. जखमाही वेगळ्या जागी होतात, बधिर पायाला चवड्याखाली घट्ट्यात, थंड पायाला बोटांच्या टोकाला, कडेला, टाचेला.

सगळ्यात फसवं म्हणजे रात्रीचं दुखणं, कारण ते दोघांनाही. आत्या उठून शहाबादी फरशीवर अनवाणी फिरायची, गार लागलं की बरं वाटायचं. काकांचं नंतर वाढलं तेव्हा ते पाय खाटेखाली लोंबकळत सोडून बसायचे, तसं केलं की रक्त जरा उतरतं. बसल्याजागी पाय असा दुखायला लागला तर थांबूच नका, लगेच दाखवा.

आणि सल्ला अगदी उलटा. काकांना डॉक्टरांनी सांगितलं चाला, दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला, आणि विडी आजपासून बंद. आत्याच्या चवड्याखाली जखम झाली तेव्हा मात्र त्या पायावर भार टाकायचाच नाही, प्लास्टरसारखं आवरण घालून पाय टेकू दिला नाही. आमच्याकडे तेव्हा दोघांनाही 'जरा हालचाल ठेवा' म्हणणारे शेजारी होते, मनापासून म्हणायचे, पण एकाला औषध ते दुसऱ्याला घातक. गरम पाण्याचा शेक मात्र दोघांनाही नको, आत्या तशीच भाजली होती, घंगाळ्यात पाय घालून बसली आणि फोड आले तेव्हा कळलं. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवलं होतं, बोटं झडतात ती मुख्यतः वेदना न कळल्यामुळे, रोज लागत राहिल्यामुळे. कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेल्या मऊ एमसीआर चपला, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराच्या, आज शुगरवाल्यांना देतात, घरातही घालायच्या.

पुष्कळांना दोन्ही असतं हो, आणि ते सगळ्यात वाईट, कारण बधिरपणामुळे पोटरी दुखल्याचंही नीट कळत नाही. ठोका चांगला म्हणून निश्चिंत नको आणि दुखत नाही म्हणूनही नको.

आता आई रोज दिवेलागणीनंतर आत्याचे तळवे मोबाईलच्या टॉर्चने बघते, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. मागच्या महिन्यात आत्या खडपावरून कालवं काढून आली होती, टाचेत शिंपीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा रुतलेला, कडेने रक्त सुकलेलं. आईने चिमट्याने ओढून काढला तर आत्या टीव्हीकडे बघतच विचारते, झालं का गं बघून?