सेगावची कुटी आणि लॉरी बेकर यांचे तिरुवनंतपुरम

केरळच्या राजधानीला लाल विटांचा चेहरा देणारे वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांच्या विचारांचा एक धागा वर्धा जिल्ह्यापर्यंत येतो. गांधीजी 1936 साली सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले, तेव्हा घर स्थानिक साहित्यातून, स्थानिक मजुरांकडून आणि पाचशे रुपयांच्या आत बांधले जावे, अशी त्यांची अट होती. आदिनिवास हे पहिले घर आणि पुढे मीराबेनने उभारलेली, आज बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी कुटी यांच्या मातीच्या भिंती, बांबू आणि कवेलू (छपराची कौले) हे आसपासच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या घरातलेच साहित्य होते. याच वास्तव्यात, जानेवारी 1937 च्या 'हरिजन'मध्ये, गांधीजींनी आदर्श खेड्यातील घरे पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्याची असावीत, असे लिहिले.

बर्मिंगहॅममध्ये 1917 साली जन्मलेले आणि तेथेच वास्तुकला शिकलेले बेकर दुसऱ्या महायुद्धात क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले होते. परतताना मुंबईत जहाजाची वाट पाहत असता त्यांची गांधीजींशी गाठ पडली, आणि बेकरांच्या पायांतील, कापडाच्या चिंध्यांपासून हाताने बनवलेल्या जोड्यांवरून बोलणे सुरू झाले, असे सांगतात. पाच मैलांचे सूत्र आपल्या मनात कायमचे बसले, असे ते पुढे आवर्जून सांगत. 1945 साली ते भारतात परतले ते कुष्ठरुग्णांसाठीच्या इमारतींच्या कामावर. दत्तपूर आणि आनंदवन ही कुष्ठसेवेची केंद्रे परिचयाची असलेल्या वैदर्भीय वाचकाला या सुरुवातीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. लग्नानंतर पिठोरागडच्या डोंगरात सोळा वर्षे घालवताना गावच्या मिस्त्रींनी बांधलेली घरे पाहून पुस्तकी वास्तुकला आपल्याला नव्याने शिकावी लागली, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे.

1963 मध्ये केरळात आणि पुढे तिरुवनंतपुरमला आल्यावर त्यांचा हात खऱ्या अर्थाने शहरावर फिरला. अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा परिसर, तंपानूरचे गोल चढत जाणारे इंडियन कॉफी हाऊस आणि सामान्य उत्पन्नाच्या माणसांची असंख्य घरे यांत गिलावा टाळलेल्या भिंती, विटांच्या जाळ्या आणि झाड तोडण्याऐवजी त्याला वळसा घालणारी भिंत दिसते. काटकसर येथे दिखाव्याची नव्हती. विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवली की सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि उष्णताही कमी आत येते. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट ताण सोसत नाही, तो सळई सोसते. म्हणून सळयांच्या मधल्या जागेत टाकाऊ कौले बसवली की स्लॅब हलका आणि स्वस्त होतो. सिमेंटची छत आली म्हणून घरामागे रचून ठेवलेल्या कवेलूंचे ढीग आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यांचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

तरीही बेकरांचे नकाशे उचलून इकडे आणणे चुकीचे ठरेल. केरळच्या दमट हवेसाठी केलेल्या विटांच्या जाळ्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, झळा थेट घरात आणतील. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया मुरमापर्यंत नेण्यात किंवा खड्ड्यात मुरूम भरण्यात काटकसर करता येत नाही. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवलेले शंकूच्या आकाराचे पोकळ कवेलू एकमेकांत बसवून कमानदार छत तयार केले. बेकरांची नक्कल न करता त्याच विचाराने निघालेले हे काम आहे.

घरकुल योजनेत मात्र टिनाचे किंवा साध्या स्लॅबचे घरच सहसा उभे राहते, कारण लाभार्थ्याला हप्ता वेळेत हवा असतो आणि गावच्या मिस्त्रीला तेवढेच सवयीचे असते. बेकरांच्या कामात पैसा वाचला तो रचनाकार रोज बांधकामावर मिस्त्रीशेजारी उभा राहून जागच्या जागी निर्णय घेत असे म्हणून, आणि नेमकी हीच जागा घरकुलाच्या अंदाजपत्रकात रिकामी आहे.