केमोच्या गोळ्या आणि दोन फार्मासिस्ट

जपानमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण ‘झेलॉक्स’ ही केमोथेरपी दाखल न होता घेतात. पहिल्या दिवशी रुग्णालयात शिरेतून ऑक्झॅलिप्लॅटिन, त्याच संध्याकाळपासून घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, पंधराव्या दिवशी सकाळच्या डोसनंतर त्या बंद आणि बाविसाव्या दिवशी पुढची फेरी. या गोळ्या सहसा बाहेरच्या फार्मसीतून घ्यायच्या असतात. गोची होते ती इथेच. बाहेरच्या प्रिस्क्रिप्शनवर फक्त गोळ्या असतात, सलाईनमधून काय गेलं ते नसतं. रुग्ण म्हणाला, ‘हाताला मुंग्या येतात’, तर काय समजायचं? थंड पाण्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील तर ऑक्झॅलिप्लॅटिन. तळवे लाल होऊन सोलवटत असतील तर कॅपेसिटाबिन.

म्हणून रुग्णालयातला फार्मासिस्ट रुग्णाच्या हाती एक कागद देतो: उपचाराचं नाव, कितवी फेरी, डोस कमी केलाय का, कोणता त्रास किती. हा कागद ‘ओकुसुरी तेचो’ या औषधवहीसोबत बाहेरच्या फार्मसीत दाखवायचा. एप्रिल २०२० पासून या कामाचे वेगळे पैसे मिळतात, महिन्यातून एकदा रुग्णालयाला १,५०० येन आणि फार्मसीला १,००० येन. नुसत्या सदिच्छेवर असलं काम फार दिवस चालत नाही.

कागद हाती आला की बाहेरच्या फार्मासिस्टला कॅपेसिटाबिनचा हिशेब ताडता येतो. शरीराचं क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर असेल तर एका वेळी १,५०० मिलिग्रॅम, म्हणजे ३०० च्या ५ गोळ्या; दिवसातून दोनदा याप्रमाणे २८ वेळा मिळून १४०. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३० ते ५० मिलिलिटरवर आली असेल तर डोस पाऊणपट. ३० च्या खाली हे औषध नाहीच. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, तोही कधीकधी काही महिन्यांनी. शंका आली तर डॉक्टरांना फोन करायचा आणि शंका फिटेपर्यंत औषध द्यायचं नाही, असा कायदाच आहे.

खरी कसोटी मात्र गोळ्या घरी गेल्यावर. बाहेरच्या फार्मसीतला फार्मासिस्ट फेरीच्या मध्यावर रुग्णाला फोन करतो. जुलाब रोजच्यापेक्षा ४ वेळा जास्त होत असतील तर गोळ्या थांबवून लगेच रुग्णालयाला कळवायचं. इथे फॅक्सची वाट बघायची नाही. बाकीचं ‘ट्रेसिंग रिपोर्ट’मधून, म्हणजे फार्मसीने डॉक्टरांना पाठवलेल्या लेखी अहवालातून जातं, पुढच्या भेटीआधी डॉक्टरांच्या नजरेस पडेल अशा बेताने. ‘रुग्णाला त्रास होतो’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट कुचकामी. फेरीचा कितवा दिवस, गोळ्या किती उरल्या, मलम लावतो का, आणि आपली सूचना काय, हे हवं. उरलेल्या गोळ्यांचा प्रश्न तर विचारावाच लागतो, कारण चुकलेले डोस ‘भरून काढायला’ रुग्ण विश्रांतीच्या आठवड्यातही गोळ्या घेत बसतो आणि रक्तपेशींना सावरायला वेळच मिळत नाही.

माहिती पोचली नाही तर काय होतं, हे जपानने १९९३ मध्ये पाहिलं आहे. नागिणीवरचं सोरिव्हुडिन फ्लुरोयुरासिल गटाच्या कर्करोगाच्या औषधांसोबत घेतलं गेलं आणि १५ जण दगावले. सोरिव्हुडिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ फ्लुरोयुरासिल मोडणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतो, त्यामुळे नेहमीचाच डोस विषारी ठरतो. ते औषध बाजारातून गेलं, धोक्याची जात मात्र गेलेली नाही. ‘एस-वन’ या कर्करोगावरच्याच गोळ्यांतला एक घटक हेच विकर मुद्दाम रोखतो. कॅपेसिटाबिनचंही शरीरात फ्लुरोयुरासिलच होतं, म्हणून एस-वन बंद करून ते सुरू करायचं तर मध्ये किमान ७ दिवस जावे लागतात, आणि जुन्या एस-वनचं पाकीट अजून घरातल्या डब्यात आहे का, हे फार्मसीच्या काउंटरवरच विचारून घेतलेलं बरं.