निष्क्रियता लॉगआउट

ऑनलाइन बहुखेळाडू खेळात शिरलेल्या खेळाडूकडून ठरावीक वेळ कोणतीही कृती झाली नाही, तर सर्व्हरने त्याला आपोआप बाहेर काढण्याची व्यवस्था. खेळाडू तिला ‘आयडल लॉगआउट’, ‘ऑटो लॉगआउट’ किंवा ‘एएफके किक’ म्हणतात. एएफके ही ‘अवे फ्रॉम कीबोर्ड’ या शब्दांची आद्याक्षरे. खेळ चालू ठेवून उठून गेलेल्या माणसालाही आता सरसकट ‘एएफके’ म्हटले जाते.

ही कल्पना खेळांच्या जगात जन्मलेली नाही. एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याच्या काळात टर्मिनल अडवून निघून जाणारा माणूस ही रोजची अडचण होती. युनिक्स प्रणालीतील सी-शेलच्या (शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) कुळात गप्प बसलेल्याला बाहेर काढण्याची मुदत ठरवणारे ‘ऑटोलॉगआउट’ नावाचे चल आहे, तर बॅश शेलमध्ये तेच काम ‘टीएमआउट’ करते. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांच्या हातून घडलेल्या ‘मड’पासून मजकुरावर चालणाऱ्या सामायिक खेळांची परंपरा सुरू झाली आणि ही अडचणही त्यांच्याबरोबर आली.

या परंपरेतल्या सर्कलमडने काढलेला तोडगा आजच्या टाइमरपेक्षा सभ्य वाटतो. त्यात खेळाचा एक ‘टिक’ ७५ सेकंदांचा असतो. मूळ मांडणीनुसार ८ टिक, म्हणजे सुमारे १० मिनिटे, खेळाडू गप्प राहिला की त्याचे पात्र एका पोकळीत ओढले जाते. तिथे त्याला कोणी मारू शकत नाही आणि तोही कोणाच्या वाटेत येत नाही. परत येऊन काही टाइप केले की पात्र पुन्हा जुन्या खोलीत उभे. ४८ टिक, म्हणजे सुमारे तासभर, उलटले तरच त्याला खरोखर बाहेर काढले जाते. अनुपस्थितीचे असे दोन टप्पे पाडण्याची सोय पुढच्या बऱ्याच खेळांनी का सोडून दिली, हे कोडेच आहे.

कार्यपद्धती

कनेक्शन जिवंत असणे वेगळे आणि माणूस जागेवर असणे वेगळे. पहिली गोष्ट यंत्रे आपसात पाहून घेतात: खेळाचा क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या संगणकावरचा प्रोग्राम, ठरावीक अंतराने सर्व्हरला ‘मी आहे’ असा छोटासा संदेश पाठवत राहतो. खेळाडू झोपला तरी हा संदेश जातच असतो, त्यामुळे निष्क्रियता ओळखायला तो कुचकामी. म्हणून सर्व्हर प्रत्येक खेळाडूच्या शेवटच्या कृतीची वेळ नोंदवतो आणि तिच्यात व चालू वेळेत किती अंतर पडले ते अधूनमधून तपासतो. हे मोजमाप फक्त क्लायंटवर सोपवले, तर क्लायंटमध्ये फेरफार करणाऱ्याला ते सहज चुकवता येते.

खरा पेच ‘कृती’ कशाला म्हणायचे यात आहे. पात्र चालवणे, वार करणे, गप्पांत ओळ टाकणे यांवर वाद नसतो. पण पोतडीतल्या वस्तू लावत बसणे, नकाशा न्याहाळणे किंवा कथेचा लांबलचक मजकूर वाचणे ही कामे अनेकदा क्लायंटपुरतीच राहतात आणि सर्व्हरला त्यांची खबर नसते. मन लावून वाचणारा खेळाडू अशा वेळी गैरहजर ठरतो. उलटही घडते. रुनस्केपमध्ये एकदा झाडावर क्लिक केले की पात्र स्वतःच कुऱ्हाड चालवत राहते; पात्र कामात, माणूस रिकामा. या खेळात दीर्घकाळ पाच मिनिटांची मर्यादा होती. खेळाडूंनी तिच्याभोवती आपली कौशल्यवाढीची पद्धतच बसवली: दुसरे काही काम करता करता मुदत संपण्याआधी एक क्लिक मारायचा. ‘एएफके ट्रेनिंग’ या नावाने ती आजही चालते. ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये सहा तासांनंतर होणारे सक्तीचे लॉगआउट मात्र वेगळ्या जातीचे. ते सक्रिय खेळाडूलाही लागू असते, म्हणून त्याला निष्क्रियता लॉगआउट म्हणता येत नाही.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पाच मिनिटांनी नावापुढे एएफकेची खूण लागते आणि तीस मिनिटांनी खेळाडू बाहेर पडतो. चकमकीच्या खेळांना इतकी सवड परवडत नाही, कारण तिथे एक माणूस स्वस्थ बसला की त्याचा संघ एकाने कमी होतो. टीम फोर्ट्रेस २ मध्ये ही मर्यादा मुळात तीन मिनिटांची आहे, आणि खेळाडूला थेट हाकलायचे की आधी प्रेक्षकांत बसवायचे, हे सर्व्हर चालवणारा ठरवू शकतो.

रांग आणि जागा

टाइमरचे सर्वांत मोठे कारण म्हणजे जागा. प्रत्येक सर्व्हर ठरावीक संख्येइतकीच पात्रे पेलतो. ती भरली की बाहेर रांग लागते, आणि आतला प्रत्येक एएफके रांगेतल्या एकाची जागा अडवतो. हिशोब सोपा वाटतो, पण रांगच लोकांना एएफके बनवते. बाहेर पडलो तर पुन्हा दोन तास ताटकळावे लागेल, हे कळलेला माणूस जेवायला जातानाही लॉगआउट करत नाही. त्यामुळे रांग आणखी लांबते.

फायनल फँटसी १४ ने हा फेरा दोनदा अनुभवला. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘अ रिल्म रिबॉर्न’ या नावाने तो नव्याने आला तेव्हा त्यात आपोआप लॉगआउटच नव्हते. एकदा आत शिरलेले लोक बाहेर पडेनात, सर्व्हर तुंबले आणि घाईने ही सोय बसवावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये खेळाचा ‘एंडवॉकर’ हा विस्तार आला तेव्हा टाइमर होता, तरीही तो पुरा पडला नाही. निर्माता नाओकी योशिदा यांनी दिलेल्या स्पष्टीकरणानुसार एका डेटा सेंटरच्या रांगेत सुमारे १७,००० खेळाडू झाले की पुढच्यांना त्रुटी क्रमांक २००२ दाखवून परत पाठवले जाई. कंपनीने खेळाची विक्री काही आठवडे थांबवली आणि सदस्यांना आधी ७, मग आणखी १४ दिवस मोफत दिले. रिकाम्या खुर्च्या मोकळ्या करण्यापुरतीच टाइमरची ताकद असते. मुळात खुर्च्याच कमी असतील तर तो काही करू शकत नाही.

पळवाटा

कळीवर नाणे ठेवणे, कंट्रोलरच्या दांडीला रबरबँड लावणे, पात्राला भिंतीकडे तोंड करून अखंड पळत ठेवणे, माउस आपोआप हलवणारे उपकरण जोडणे या सगळ्या युक्त्या जुन्या आहेत. टाइमर कळ दाबली गेली एवढेच पाहतो; ती कोणी दाबली हे त्याला दिसत नाही. पात्र जागचे हलले का, तोच हावभाव पुन्हापुन्हा येतो का, हे तपासून काही खेळ गाळणी बारीक करतात. पण गाळणी जितकी बारीक, तितके प्रामाणिक खेळाडूही तिच्यात अडकतात. नुसते हजर राहण्याचे बक्षीस असेल तर विषयच संपला. टीम फोर्ट्रेस २ मध्ये २००९ साली खेळण्याच्या वेळेनुसार वस्तू मिळू लागल्या, तेव्हा हजेरी भासवणारे बाहेरचे प्रोग्राम वापरून लोकांनी त्या गोळा केल्या. खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने त्या वस्तू काढून घेतल्या आणि असे प्रोग्राम न वापरणाऱ्यांच्या पात्रांना डोक्यावर तेजोवलय दिले. त्या वलयावरून खेळाडूंत बरीच भांडणे झाली.

टाइमर नसलेले खेळही आहेत. माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर निष्क्रियतेची मर्यादा मिनिटांत लिहिता येते, पण तिचे मूळ मूल्य शून्य, म्हणजे बंद. ईव्ह ऑनलाइन या अंतराळयानांच्या खेळात अदृश्य झालेले जहाज शत्रूच्या तारामंडळात उभे करून चालक निघून जाई, आणि रोज ११:०० यूटीसीला होणाऱ्या देखभालीपर्यंत तिथले रहिवासी त्याच्या धास्तीत राहत. तो खरोखर बसला आहे की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नसे. २०२१ साली खेळात ‘मोबाइल ऑब्झर्व्हेटरी’ आली. ती अधूनमधून अशी जहाजे उघडी पाडते. जागेवर असलेला चालक पुन्हा अदृश्य होतो. नसलेल्याचे जहाज तसेच उघड्यावर तरंगत राहते, आणि मग त्याला बाहेर काढायला सर्व्हरची गरज उरत नाही.