ग्लॉस्टरचा ड्यूक

ग्लॉस्टरचा ड्यूक : इंग्लंडच्या राजघराण्यातील धाकट्या मुलांना मिळत आलेला उमरावी किताब. तो प्रथम १३८५ मध्ये दिला गेला. पहिल्या शंभर वर्षांत तिघांनी तो मिरवला आणि तिघांपैकी एकाचाही शेवट धड झाला नाही. त्यामुळे हा किताब अपशकुनी असल्याची समजूत रूढ झाली. तिघांमध्ये आणखी एक गोष्ट समान होती, ती मात्र सहसा कोणी सांगत नाही : लहान वयात गादीवर आलेल्या एकेका राजाचे ते सख्खे काका होते.

ग्लॉस्टर हे पश्चिम इंग्लंडमधील सेव्हर्न नदीकाठचे जुने शहर. मूळ अक्षरे पाहून ‘ग्लाउसेस्टर’ असे वाचण्याचा मोह होतो, पण उच्चार ‘ग्लॉस्टर’. ड्यूकच्या आधी येथे अर्ल (ड्यूकहून खालच्या दर्जाचे उमराव) होते. त्यांतला गिल्बर्ट द क्लेअर १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत ऐन तारुण्यात पडला. पहिल्या ड्यूकनंतर अर्ल झालेल्या टॉमस डिस्पेन्सरचे डोके १४०० मध्ये ब्रिस्टल येथे जमावाने उडवले. ड्यूकचा किताब मिळाला म्हणून शहराचा कारभार हाती येत नसे. तो मानाचा दर्जा होता. उत्पन्न वेगळ्या नेमणुकांतून मिळे. मध्ययुगात तो एकदाही बापाकडून मुलाकडे गेला नाही, दर वेळी राजाने तो नव्याने दिला.

पहिला ड्यूक टॉमस ऑफ वुडस्टॉक हा तिसऱ्या एडवर्डचा सर्वांत धाकटा मुलगा. पुतण्या दुसरा रिचर्ड दहाव्या वर्षी राजा झाला. तो मोठा झाल्यावर १३८८ च्या पार्लमेंटमध्ये टॉमस आणि त्याच्या साथीदार उमरावांनी राजाच्या मर्जीतल्या माणसांना फासावर चढवले. रिचर्डने नऊ वर्षे हा डाव मनात ठेवला. १३९७ च्या उन्हाळ्यात तो स्वतः एसेक्समधील प्लेशी येथे काकांच्या दारात गेला आणि त्यांना अटक करून फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅले या इंग्रजी ठाण्यात पाठवले. तेथे रिकहिल नावाच्या न्यायाधीशासमोर टॉमसचा कबुलीजबाब झाला. पुढे पार्लमेंटने कैद्याला हजर करण्यास सांगितले, तेव्हा तो मेला असल्याचे कळवण्यात आले. गाद्यांखाली गुदमरवून त्याला मारल्याची हकीकत रिचर्ड पदच्युत झाल्यावर बाहेर आली.

शेक्सपिअरच्या ‘दुसरा रिचर्ड’ या नाटकात टॉमस रंगमंचावर येत नाही, पण सारे नाटक त्याच्या खुनावर उभे आहे. पहिल्याच प्रवेशातील भांडण त्या खुनाच्या आरोपावरून होते आणि पुढे त्याची विधवा दिराकडे सूड मागते. त्याच काळातील एका निनावी, हस्तलिखितातच राहिलेल्या नाटकात मात्र तो नायक आहे. तिथे तो इतके साधे कपडे घालतो की एक नटवा दरबारी त्याला मोतद्दार समजून आपला घोडा धरायला लावतो. खरा टॉमस इतका भोळा नव्हता. पण लोकांच्या स्मृतीत तो राजाला खरे सुनावणारा माणूस म्हणून उरला.

दुसरा ड्यूक हम्फ्री, म्हणजे पाचव्या हेन्रीचा धाकटा भाऊ. किताब १४१४ चा. पुढच्याच वर्षी तो अ‍ॅजिनकोर्टच्या रणात जखमी झाला. १४२२ मध्ये भाऊ वारला, तेव्हा पुतण्या सहावा हेन्री जेमतेम नऊ महिन्यांचा होता. हम्फ्री इंग्लंडचा संरक्षक झाला, पण त्याला मोकळा हात मिळाला नाही. बापाचा सावत्र भाऊ बिशप (पुढे कार्डिनल) बोफर्ट याच्याशी त्याचे जन्मभर हाडवैर राहिले. १४४१ मध्ये वैऱ्यांना हत्यार सापडले ते त्याच्याच घरात. राजा कधी मरणार हे ज्योतिषांना विचारल्याचा आरोप पत्नी एलिनॉर कॉबम हिच्यावर आला. राजा निपुत्रिक मेला असता तर गादी हम्फ्रीला मिळणार होती, म्हणून हा प्रश्नच राजद्रोह ठरला. तिला मदत केल्याच्या आरोपावरून एक ‘चेटकीण’ जाळली गेली. एलिनॉरला तीन वेगवेगळ्या दिवशी हातात मेणबत्ती घेऊन लंडनच्या रस्त्यांतून पायी चालावे लागले. विवाह रद्द झाला आणि ती कैदेतच मेली. फेब्रुवारी १४४७ मध्ये बेरी सेंट एडमंड्स येथे हम्फ्रीलाही अटक झाली आणि पाच दिवसांत तो वारला. बहुधा झटक्याने, खुनाची वदंता मात्र लगेच पसरली.

‘सहावा हेन्री’च्या दुसऱ्या भागात शेक्सपिअरने ही वदंताच खरी मानली आहे. त्यातला सेंट ऑल्बन्सचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. जन्मांध माणसाला संताच्या कृपेने दृष्टी आली म्हणून राजा हरखून जातो. हम्फ्री त्या माणसाला शांतपणे विचारतो, या झग्याचा रंग कोणता? तांबडा. आणि हा? काळा. मग तो उभ्या माणसांची नावे विचारतो. ती सांगता येत नाहीत. आजच दृष्टी आली, तर रंग दिसतील, पण त्यांची नावे कुठून कळली? लबाडी उघडी पडते. त्यानंतर काही ओळींतच एलिनॉरच्या अटकेची बातमी येते. परक्याचे सोंग क्षणात ओळखणाऱ्याला आपल्या घरात काय शिजते आहे याचा पत्ता नसतो, ही रचना फार चलाख आहे. इतिहासात एलिनॉरचा निकाल लागल्यावर चार वर्षांनी सहाव्या हेन्रीची राणी मार्गारेट इंग्लंडला आली. नाटकात दोघींचे खटके उडतात.

हम्फ्रीने ऑक्सफर्ड विद्यापीठाला २८० हून अधिक हस्तलिखिते दिली. पुढच्या शतकात त्यांची पांगापांग झाली, पण बॉडलियन ग्रंथालयातील जुने दालन आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. ‘ड्यूक हम्फ्रीकडे जेवणे’ म्हणजे उपाशी राहणे, असा इंग्रजीत एक वाक्प्रचार होता. लंडनच्या जुन्या सेंट पॉल चर्चमधील एक कबर त्याची समजली जाई आणि खिशात दमडी नसलेले लोक जेवणाच्या वेळी तेथे घुटमळत. ती कबर भलत्याच सरदाराची होती. हम्फ्री सेंट ऑल्बन्सला पुरलेला आहे.

तिसऱ्या ड्यूकचे नाव सर्वांना ठाऊक आहे. चौथ्या एडवर्डने १४६१ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, रिचर्डला, हा किताब दिला. ‘सहावा हेन्री’च्या तिसऱ्या भागात त्या वेळी रिचर्ड कुरकुरतो : मला क्लॅरेन्सचा ड्यूक करा आणि भाऊ जॉर्जला ग्लॉस्टरचा, ही ड्यूकी फार अपशकुनी आहे. वॉरिक हा सरदार त्याला उडवून लावतो. नाटकातला हा रिचर्ड मुरलेला योद्धा आहे. खरा तेव्हा नऊ वर्षांचा होता. १४८३ मध्ये बारा वर्षांच्या पुतण्याला, पाचव्या एडवर्डला, बाजूला सारून तो तिसरा रिचर्ड म्हणून राजा झाला. किताब राजपदात विलीन झाला. लंडनच्या टॉवर या किल्ल्यात ठेवलेली दोन्ही मुले, एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ, नंतर कोणाला दिसली नाहीत. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉस्वर्थच्या लढाईत तो मारला गेला. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला होता, पण नाटकातला वाळलेला हात त्यात नव्हता.

‘किंग लिअर’मधला ग्लॉस्टर यांच्यापैकी कोणी नव्हे. तो अर्ल आहे आणि ख्रिस्तपूर्व काळात घडणाऱ्या नाटकातला आहे. विंदा करंदीकरांच्या ‘राजा लिअर’ या अनुवादातून मराठी वाचकांना तो परिचित आहे. अनौरस मुलाच्या थापांना भुलून औरस मुलाला हाकलणारा आणि डोळे फोडले गेल्यावरच खरे पाहू लागणारा हा म्हातारा.

बॉस्वर्थनंतर पावणेदोनशे वर्षे हा किताब कोणाला मिळाला नाही. १६५९ मध्ये तो पहिल्या चार्ल्सचा मुलगा हेन्री याला मिळाला. पुढच्याच वर्षी देवीच्या साथीत तो गेला. राजकन्या अ‍ॅनचा मुलगा विल्यम याला ग्लॉस्टरचा ड्यूक म्हणत. तो १७०० मध्ये अकराव्या वर्षी वारला, आणि वारस उरला नाही म्हणून १७०१ च्या कायद्याने गादी हॅनोव्हर घराण्याकडे वळली. किताबाची सध्याची शाखा १९२८ ची, पाचव्या जॉर्जचा मुलगा हेन्री याच्यापासूनची. त्याचा थोरला मुलगा १९७२ मध्ये विमान अपघातात गेल्याने १९७४ मध्ये तो धाकट्याकडे आला. या ड्यूकचे नावही रिचर्डच. तिसऱ्या रिचर्डवरचा कलंक पुसण्यासाठी झटणाऱ्या सोसायटीचे ते आश्रयदाते आहेत.