पीएम विद्यालक्ष्मी : कर्ज कुणाला, व्याजाची सवलत कुणाला आणि अर्ज कसा करायचा?

शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला बँकेत गेलेले पालक सगळ्यात आधी विचारतात, ‘किती मिळेल?’ खरं तर महागात पडतो तो दुसराच प्रश्न : मूल शिकत असताना चढणारं व्याज कोण भरणार? केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत कर्जाच्या अटी वेगळ्या आणि व्याज सवलतीच्या वेगळ्या आहेत. बहुतेकांचा घोळ होतो तो इथेच.

कर्जासाठी पात्रता

कर्जाला उत्पन्नाची मर्यादा नाही. बघितलं जातं ते कॉलेज. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत पहिल्या १०० मध्ये असलेल्या संस्था (एकूण किंवा विषयवार यादीत), १०१ ते २०० मधल्या राज्य सरकारी संस्था आणि केंद्र सरकारच्या संस्था यांचा समावेश होतो. सुरुवातीच्या यादीत अशा ८६० संस्था होत्या. क्रमवारी दरवर्षी बदलते तशी यादीही बदलते. विद्यापीठाचं नाव यादीत आहे म्हणजे त्याला संलग्न असलेलं आपलं कॉलेजही आलं, असं गृहीत धरू नका. पोर्टलवर कॉलेजचं नाव स्वतः शोधा. प्रवेश गुणवत्तेवर झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही.

तारण आणि जामीनदार लागत नाही. पण आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, त्यामुळे त्यांच्या नावावर जुनं थकीत कर्ज असेल तर ते आधी निस्तरलेलं बरं. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के हमी आहे, हे वाचून काहींचा समज होतो की बुडालं तर सरकार भरेल. ती हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही.

कॉलेज यादीत नसेल तर बँकांची नेहमीची शैक्षणिक कर्ज योजना आहेच. देशातल्या शिक्षणासाठी चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही, त्यापुढे साधारण ५ टक्के घालावा लागतो. साडेसात लाखांच्या पुढे बँक बहुधा तारण मागते.

व्याजाची सवलत

शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. बँकेत याला मोरेटोरियम म्हणतात. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. या काळात ते सरळव्याजाने साठतं आणि परतफेड सुरू होताना मुदलात मिळवलं जातं.

समजा, चार वर्षांच्या कोर्ससाठी आठ लाखांचं कर्ज १० टक्के दराने घेतलं आणि दरवर्षाच्या सुरुवातीला दोन लाख उचलले. पहिल्या दोन लाखांवर पाच वर्षांचं व्याज १ लाख, पुढच्यांवर ८० हजार, मग ६० आणि ४० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच २ लाख ८० हजार चढलेले असतात.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं मोरेटोरियममधलं सगळं व्याज केंद्र सरकार भरतं. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के सवलत. वरच्या उदाहरणात ती ८४ हजार होते. मात्र ही ३ टक्क्यांची सवलत वर्षाला एक लाख नव्या विद्यार्थ्यांपुरतीच आहे आणि त्यात सरकारी संस्थांतल्या आणि तांत्रिक-व्यावसायिक कोर्सच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळतं.

आणखी एक अट जाहिरातीत सहसा दिसत नाही : दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ मिळत असेल तर हे ३ टक्के मिळत नाहीत. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून फी सवलत मिळण्यासारखी असेल तर माझ्या मते आधी तिचाच विचार करावा. जी फी भरावीच लागत नाही, तिच्यासाठी कर्जही काढावं लागत नाही. उरलेल्या खर्चापुरतंच कर्ज घ्या.

उत्पन्नाचा दाखला

सगळ्या कागदांत अडतो तो हाच. बँकेला कर्जासाठी पगाराची स्लिप किंवा आयकर विवरणपत्र पुरतं, पण व्याज सवलतीला राज्य सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचाच दाखला लागतो. महाराष्ट्रात तो तहसीलदार कार्यालयातून मिळतो. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा महा ई-सेवा केंद्रातून करता येतो. फॉर्म १६ किंवा तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, रेशन कार्ड, आधार जोडावं लागतं. प्रवेशाच्या हंगामात तहसीलमध्ये अर्जांचा ढीग पडतो, म्हणून निकालाची वाट न पाहता अर्ज टाकून ठेवा. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे तिथेच बघून घ्या.

अर्ज

पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवर विद्यार्थ्याच्या नावाने नोंदणी करून कॉलेज, कोर्स आणि बँक निवडायची. सोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशपत्र, कॉलेजच्या सही-शिक्क्याचं वर्षवार फीपत्रक, विद्यार्थी व सहकर्जदाराचं आधार आणि पॅन, उत्पन्नाचे पुरावे, बँक खात्याचा उतारा. फीपत्रकात वसतिगृह, परीक्षा, प्रयोगशाळा यांचे आकडे वेगळे दाखवून घ्या. पुस्तकं आणि लॅपटॉपचा खर्चही कर्जात बसतो, पण तो आधी मागावा लागतो. फी थेट कॉलेजच्या खात्यात जाते.

कर्ज मंजूर झालं म्हणजे सवलत लागू झाली असं नाही. तिची मागणी पोर्टलवर वेगळी नोंदवा आणि शाखेत विचारून खात्री करून घ्या. मुलाने शिक्षण मधेच सोडलं किंवा त्याला काढून टाकलं तर सवलत बंद होते, वैद्यकीय कारण असेल तर वेगळं.

परतफेडीची मुदत १५ वर्षांपर्यंत मिळू शकते. आयकराची जुनी करप्रणाली निवडली असेल तर भरलेल्या पूर्ण व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, मुदलावर नाही.

शाखेने तोंडी ‘होणार नाही’ म्हटलं तर कारण लेखी मागा. आधी बँकेकडेच लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही.